दान्सोयेची उंटीण

मित्रांनो, मी एक म्हातारी उंटीण आहे. नैरोबी शहराच्या कडेला एक संशोधन संस्था आहे. तिच्या मागच्या अंगाला दगडी भिंतीचं एक आवार आहे, त्यात पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडखाली मी आहे. राहते असं म्हणवत नाही. मला ठेवलं आहे. उंटाला डोळे दिले आहेत ते लांबचं पाहायला. दिवसभराच्या चालीवर उभं असलेलं बाभळीचं एकटं झाड आम्हांला ओळखता येतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र इतकी वर्षं ही भिंतच आहे. तिचे दगड मला पाठ झाले आहेत.

पण ही कहाणी माझ्या एकटीची नाही. ती दान्सोयेचीही आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूचा चेहरा शोधण्यात तिने सगळं आयुष्य घातलं. तीही या भिंतीच्या आत माझ्याइतकीच अडकली. फरक म्हणाल तर एवढाच, की दाराची किल्ली तिच्या खिशात असायची.

माझा जन्म उत्तरेकडचा, चाल्बीच्या वाळवंटाच्या काठावरचा. आमचा कळप गाब्रा लोकांचा. मालकाचं नाव अदानो. अंगाने मी तांबूस, म्हणून त्याने मला दिम्तू म्हणायला सुरुवात केली. दिम्तू म्हणजे तांबडी. आईच्या मागे चालायचं, वाळलेल्या तळ्याच्या काठचं मीठ चाटायचं, गळ्यातली लाकडी घंटा वाजवत काटेरी झुडपांत तोंड घालायचं, असं माझं बालपण गेलं. लहान असताना मला एकदा सर्दी झाली. नाक गळलं, दोन दिवस दूध गोड लागलं नाही, मग मी बरी झाले. सगळ्याच पिल्लांना होते ती. त्या सर्दीवरून पुढे एवढं रामायण घडेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दान्सोये ही अदानोची मुलगी. लहानपणी ती वस्तीजवळ पिल्लं राखायची. मग ती मिशनच्या शाळेत गेली, तिथून शहरात गेली आणि तिथून समुद्रापलीकडच्या बर्फाच्या देशात. ती परत आली तेव्हा मी ऐन उमेदीत होते. पोरगी पोरगी राहिली नव्हती. जाड चष्मा, पायांत बूट, खांद्याला पिशवी. बाभळीखाली माणसं जमली, चहा झाला, आणि अदानोने सगळ्यांसमोर तिला विचारलं,

"एवढी वर्षं शिकलीस तरी काय?"

"विषाणू दिसतो कसा, ते शिकले आब्बा."

"मग आम्हांला दाखव."

"डोळ्यांनी नाही दिसत तो."

"म्हणजे जे दिसत नाही ते कसं दिसतं, ते शिकलीस." माणसं पोट धरून हसली. तीही हसली.

मग ती खाली बसली आणि वाळूत काडीने आकृत्या काढून सांगू लागली. अंगात रोग शिरला की रक्तातले शिपाई त्याला धरायला धावतात. माणसाचे शिपाई आडदांड असतात. विषाणूच्या अंगावर ज्या बारीक खाचा असतात, तिथे त्यांचा हात पोचत नाही. उंटाच्या रक्तात मात्र तसल्या आडदांडांबरोबर एक बारका शिपाईही असतो. तो थेट खाचेत शिरतो.

"मला त्या खाचेचं चित्र काढायचंय," दान्सोये म्हणाली. "कुठे धरलं की विषाणू हलू शकत नाही, हे कळलं तर त्यावरून औषध करता येईल. पण त्यासाठी एक उंटीण हवी. माझ्याजवळ, नैरोबीत."

तिचा मोठा भाऊ गुयो मागे उभा होता. तो म्हणाला, "बाईमाणूस कळप मागायला लागलं आता. आणि नेऊन करणार काय, तर कोंडून ठेवणार."

गाब्रा लोकांत एक रीत आहे. ज्याच्याकडे उंट नसेल त्याला नात्यातला माणूस आपली उंटीण वापरायला देतो. दूध घेणाऱ्याचं, उंटीण मात्र देणाऱ्याचीच राहते. तिला विकायचं नाही, कापायचं नाही. या देण्याला दाबारे म्हणतात. अदानो उठून कळपात आला आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "दाबारे म्हणून ही ने. कळपात ही एकटीच अशी आहे, जी माणसाला लाथ मारत नाही."

मित्रांनो, माझा चांगुलपणा मला असा भोवला.

त्यांनी मला ट्रकमध्ये बसवलं. पुढचे पाय दुमडून दोराने बांधले, की मला उठता येऊ नये. ट्रक चालू लागला तशी आई ओरडत मागे आली आणि रस्त्याच्या वळणावर थांबली. पुढे हवा गार होत गेली, धुळीचा वास जाऊन धुराचा वास आला. आवारात उतरवल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर माझ्या गळ्यातली घंटा काढून घेतली. स्वच्छतेचा नियम होता म्हणे. मग लोखंडी दार लागलं. त्या दाराची कडी पडताना जो आवाज झाला तो मला कळला नाही. आमच्याकडे दारं नसतात.

तिथे माझी देखभाल करायला मुसेंबी नावाचा माणूस होता. कांबा जमातीचा, गाई-शेळ्यांत वाढलेला. पहिल्या दिवशी तो माझ्यापासून दोन हात लांब उभा राहून म्हणाला, "डाक्टर, एवढी मोठी शेळी कुणी बघितली होती? ही थुंकते का?"

"तू नीट वागलास तर नाही थुंकणार."

"माझी बायकोही हेच सांगते."

मुसेंबी चांगला होता. चारा वेळेवर टाकायचा, शेण काढायचा, माझ्याशी त्याच्या भाषेत गप्पा मारायचा. पण सिमेंटची फरशी माझ्या मऊ तळव्यांना सोसेना. पावसाच्या दिवसांत ती निसरडी व्हायची आणि मी पाय रोवून तासन्‌तास तशीच उभी राहायची. चालायचं म्हटलं तर शेडपासून दारापर्यंत, दारापासून शेडपर्यंत. आई दिसेल या आशेने पहिल्या दिवसांत मी सारखी ओरडायची. भिंतीपलीकडची कुत्री उत्तर द्यायची, बाकी कुणी नाही.

दान्सोये रोज यायची. ती माझ्याशी आमच्या बोराना भाषेत बोलायची. तिने मला सुई टोचायच्या आधी सांगितलं, "हा खरा विषाणू नाही हं दिम्तू. त्याच्या अंगावर काटे असतात, त्यातल्या एकाचा तुकडा आहे फक्त. तुझ्या शिपायांना नुसती ओळख करून द्यायचीय." मग काही दिवसांनी ती माझ्या मानेतून रक्त काढायची आणि तोवर गाणं गुणगुणायची. दुखायचं थोडं. मी लाथ मारत नसे. त्या सगळ्या संस्थेत तिची भाषा कळणारी मी एकटीच होते, आणि माझ्या नावाने मला हाक मारणारीही ती एकटीच.

ती आत प्रयोगशाळेत काय करायची ते मी कधी पाहिलं नाही, पण तिच्या बोलण्यातून मला कळत गेलं. माझ्या रक्तातल्या बारक्या शिपायाची घडण ती शोधून काढायची, तो वेगळा वाढवायची आणि विषाणूच्या काट्याबरोबर पाण्यात सोडायची. मग त्या पाण्याचे स्फटिक व्हायची वाट बघायची. चाल्बीचं पाणी आटलं की मीठ कसं आपोआप ओळीने बसतं, तसेच हे दोघे एकमेकांना धरून ओळीने बसले पाहिजेत. तसे बसले, की त्यांच्यातून क्ष-किरण सोडायचे. किरण कसे विखुरतात ते बघून आत कोण कसा बसला आहे, याचं चित्र काढता येतं.

पण ते बसेनात. वर्षामागून वर्षं गेली. कधी स्फटिक व्हायचेच नाहीत, नुसता गाळ व्हायचा. कधी सुंदर स्फटिक व्हायचे आणि वीज जाऊन विरघळायचे. एकदा तिने ते विमानाने बाहेरदेशी पाठवले, कारण तिथे एका गावाएवढं गोल यंत्र आहे आणि त्यातून फार तेज किरण निघतात. पेटी वाटेत उन्हात पडून राहिली आणि पोचलं ते नुसतं पाणी. तिच्याबरोबर शिकलेल्यांनी दुसरे सोपे विषय घेतले, नावं कमावली. हिच्याकडे एकच विषाणू आणि एकच उंटीण.

संस्थेचे प्रमुख प्रोफेसर वांजाला अधूनमधून आवाराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. दांडगे, पोट सुटलेले, थट्टेखोर. म्हणायचे, "दान्सोये, तू उंटाशी बोलतेस त्याला माझी हरकत नाही. उंटाने उत्तर दिलं की मात्र मला येऊन सांग."

"दिलं की तिलाच पाठवते तुमच्याकडे."

घरून लग्नाचे निरोप यायचे, मग ते यायचे थांबले. ती गावी जायचं म्हणायची आणि ऐन वेळी स्फटिकांची पेटी उघडायची वेळ व्हायची. एकदा ती माझ्या मानेला डोकं टेकून उभी होती. म्हणाली, "सोडून द्यावं असं रोज वाटतं गं. पण आता सोडलं तर इतकी वर्षं कशासाठी गेली?" मी काय सांगणार? माझी दोरी तर तिच्याच हातात होती.

शेवटी एकदाचं ते जमलं. सकाळी ती धावत आली. धावताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिच्या हातात कागद होता, तो तिने माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हा बघ त्याचा चेहरा. हे काटे. या काट्याच्या बगलेत ही खाच. आणि खाचेत हा कोण बसलाय? तुझा शिपाई. असा बसलाय की विषाणूला हलताच येत नाही." मी कागद हुंगला आणि त्याचा कोपरा खाल्ला. तिने मला तो खाऊ दिला.

मग आमचे कौतुकाचे दिवस आले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात तिचं अर्धं तोंड आणि माझं पूर्ण. शाळांची मुलं बघायला येऊ लागली. मुसेंबी मला रोज ब्रशने घासायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, हे जनावर साधं नाही." पण मुलं गेली की दार लागायचंच.

मित्रांनो, संकट आलं ते याच कामातून. औषध करायचं तर विषाणू कुठे कुठे आहे हे कळायला हवं, आणि तो उंटांत राहतो असा तिला संशय होता. म्हणून दान्सोये उत्तरेला गेली आणि तिने गावोगावच्या उंटांची नाकं तपासली. तिचीच माणसं होती, गुयोने स्वतः पिल्लं धरून दिली. बऱ्याच पिल्लांच्या नाकात विषाणू सापडला. त्यांना त्याचं काही नव्हतं, माझ्यासारखीच सर्दी. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला तर फुप्फुस धरतो. हे जसं होतं तसं तिने लिहिलं.

त्याच सुमारास शहराजवळच्या एका खाटीकखान्यातला माणूस छातीच्या दुखण्याने गेला. कशाने गेला ते कुणी सांगू शकलं नाही. पण रेडिओवर दोन्ही बातम्या एकापाठोपाठ आल्या आणि लोकांनी त्यांची गाठ मारली. उत्तरेकडचे उंट हलवायचे नाहीत, असा हुकूम निघाला. बाजार बंद पडले. पावसाने आधीच पाठ फिरवली होती, उंट विकून धान्य आणायचे ते दिवस होते.

घरचे फोन ती माझ्याजवळ येऊन घ्यायची, कारण इथे तिची भाषा समजणारं माणूस नव्हतं. म्हणून मी सगळं ऐकलं. गुयोचा आवाज फोनमधून बाहेर यायचा.

"पिल्लांची नाकं आम्ही धरून दिली तुला. आणि तू आमचंच नाक कापलंस."

"मी खरं तेच लिहिलं, गुयो."

"खऱ्याला चारा लागत नाही, पोरी. आमच्या उंटांना लागतो."

फोन ठेवल्यावर ती चाऱ्याच्या गंजीवर बसून राहायची. उंटांत विषाणू नाही असं म्हणावं तर ते खोटं, आहे म्हणावं तर बापाचा कळप उपाशी. तिच्या चित्रातला विषाणू जसा खाचेत सापडला होता, तशी ती सापडली होती. हे मी म्हणत नाही, तीच एकदा म्हणाली, "त्याला पकडायला गेले, दिम्तू, आणि मीच सापडले."

आणि मग मुसेंबी आजारी पडला. सकाळी दान्सोये आली तेव्हा तो शेडच्या खांबाला टेकून बसला होता, अंग तापाने फणफणलेलं, खोकला थांबत नव्हता. तिने त्याला पाणी पाजलं, गाडी बोलावली. त्याला दवाखान्यात नेलं आणि लगेच आवार बंद केलं. मुसेंबीला काय झालं आहे हे कळेपर्यंत दान्सोयेनेही बाहेर पडायचं नाही, असं ठरलं. चाऱ्याच्या खोलीत तिची खाट टाकली. जेवणाचा डबा दाराखालून सरकवायचे. किल्ली पहिल्यांदाच तिच्याकडे नव्हती.

ते दिवस फार वाईट होते. ती माझ्यासारखीच शेडपासून दारापर्यंत आणि दारापासून शेडपर्यंत चालायची. आम्ही दोघी चालायचो, कधी एका दिशेने, कधी समोरासमोर. भिंतीबाहेर शेजारची माणसं जमू लागली होती. उंटाला मारा, जाळा, असे आवाज यायचे. एकदोन दगड पत्र्यावर पडले.

वांजाला तोंडाला फडकं बांधून दाराच्या गजांपलीकडे आले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

"वरून विचारणा झालीय. जनावर मारून टाका म्हणतात. लोक शांत होतील."

"तिच्या नाकात काही नाही, सर. मी सतत तपासते."

"मला माहीत आहे. लोकांना माहीत नाही."

"मग लोकांना सांगा."

"तू सांगितलंस ना एकदा. काय झालं ते बघितलंस."

 दान्सोये माझ्याजवळ आली आणि तिने माझा कान धरून ठेवला, लहान मूल आईचा पदर धरतं तसा.

दुसऱ्या दिवशी गुयो आला. ट्रक बदलत, बस बदलत तो उत्तरेतून आला होता. अंगावर चादर, हातात काठी, पायांत टायरच्या वहाणा. मी त्याचा वास दाराबाहेरूनच ओळखला. त्याला आमच्या मिठाचा वास होता. तो गजांना धरून उभा राहिला.

"चल. रेडिओवर चल माझ्याबरोबर. सांग की उंटांत काही नाही."

"मला इथून हलायची परवानगी नाही."

"मग इथून फोनवर सांग."

"नाही सांगणार. पिल्लांच्या नाकात तो आहे, गुयो. मी डोळ्यांनी बघितलाय."

"दिसत नाही ना म्हणे डोळ्यांनी?"

ती थकलेली होती, तरी तिला हसू आलं. मग ती गजांजवळ गेली. "ऐक माझं. मोठ्या उंटांत तो फारसा नसतो. पिल्लं वेगळी ठेवली, शेंबड्या पिल्लाला हात लावला की हात धुतले, तर मोठे उंट विकायला काही हरकत नाही. सगळा बाजार बंद करायची गरज नव्हतीच. हे मी शंभर वेळा सांगेन. पण नाहीच आहे, असं एकदाही सांगणार नाही."

"आणि हे ऐकणार कोण? कोंडलेल्या बाईचं?"

"आधी तू ऐक."

गुयो उत्तर देणार तेवढ्यात वांजाला आले. बरोबर जनावरांचा डॉक्टर होता, त्याच्या हातात पेटी होती. गुयोने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बहिणीचा चेहरा बघून त्याला बाकीचं कळलं.

"ही उंटीण कुणाची?" त्याने विचारलं.

"संस्थेची," डॉक्टर म्हणाला.

"संस्था व्यालीय का हिला?" गुयो दारासमोर मांडी घालून बसला आणि त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली. "ही माझ्या बापाची आहे. दाबारे दिलेली उंटीण मालकाला विचारल्याशिवाय मारत नाहीत. मालक तिकडे चाल्बीत आहे, फोन लागला तर लागतो. जा, विचारून या. मी बसलोय."

वांजालांच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. फडक्याआड ते हसत असावेत. डॉक्टरकडे वळून ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "हे मोठं अडचणीचं झालं. मालकी कुणाची ते ठरल्याशिवाय मला हात लावता येणार नाही. वर तसं कळवतो."

गुयो खरोखर बसून राहिला. कोपऱ्यावरच्या टपरीतून चपाती आणि घेवडा आणून खायचा, चहात दूध कमी म्हणून टपरीवालीशी भांडायचा. आरडाओरडा करणारे शेजारी आधी त्याच्यावर ओरडले, मग त्याच्याशी वाद घालायला बसले, मग नुसतेच बसू लागले. बहिणीशी तो फार बोलत नसे. पण कुठूनतरी बाभळीच्या फांद्या तोडून आणायचा आणि दारावरून माझ्यापुढे टाकायचा.

मुसेंबीच्या तपासणीचा निकाल आला. त्याला उंटाच्या विषाणूचा काही संसर्ग नव्हता. गावी जाऊन शेळीचं न उकळलेलं दूध प्यायला होता, त्याचा ताप होता, आणि खोकला थंडीचा. दार उघडलं. तो परत आला तेव्हा अर्धा झाला होता. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "माफ कर बाई. पाप माझ्या शेळीचं आणि फाशी तुला होती."

दान्सोये गुयोबरोबर उत्तरेला गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. म्हाताऱ्यांच्या बैठकीत बायका बोलत नाहीत. अदानो म्हणाला, "आज ही माझी मुलगी म्हणून नाही आली. विषाणू बघितलेलं माणूस म्हणून आलीय. ऐकून घ्या." ती बोलली. पिल्लांची कुंपणं वेगळी झाली. मग इथे राजधानीत येऊन ती अधिकाऱ्यांसमोर तेच बोलली, परत परत बोलली, आणि पाऊस पडून गेल्यावर मोठ्या उंटांचा बाजार उघडला. तोवर कितीतरी उंट मेले होते. काही माणसांनी तिला माफ केलं नाही. एक म्हातारा अजूनही ती आली की पाठ फिरवून बसतो. ती त्यालाही नमस्कार करते आणि पुढे जाते.

तिने मला परत न्यायचा प्रयत्न केला. पण ज्या जनावरावर विषाणूचे प्रयोग झाले आहेत ते, किंवा त्याच्याबरोबर या आवारात राहिलेलं जनावर, पुन्हा कळपात सोडायचं नाही, असा नियम आहे. नियम योग्य आहे. तो दान्सोयेनेच लिहिला होता.

मग नवलाई ओसरली. माझा शिपाई आता मोठमोठ्या पिंपांत वाढवतात, त्याला माझ्या रक्ताची गरज नाही. औषध अजून तपासण्यांतच आहे. दान्सोये म्हणते, अजून काही वर्षं लागतील. तिचे केस पिकले. वांजाला निवृत्त झाले, मुसेंबी गावी गेला. नवीन माणूस चारा टाकतो आणि कानांत गाणी घालून बसतो. शाळेची मुलं येत नाहीत. दान्सोये दुसऱ्या विषाणूच्या मागे लागली आहे, तरी रोज येते, पण कधी अंधार पडता पडता.

गेल्या वर्षी मी खायचं सोडलं. ठरवून नाही. घास तोंडात घ्यायचे आणि तो चघळावासाच वाटेना. डॉक्टरने दात बघितले, पोट बघितलं, रक्त नेलं. काही सापडलं नाही. तेव्हा दान्सोयेने माझ्याजवळ उभं राहून घरी फोन लावला. अदानो आता फार म्हातारा झाला आहे, हळू बोलतो.

"दिम्तू खात नाही, आब्बा."

"तिच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. एकटीच आहे पहिल्यापासून."

"उंटाला एकटं ठेवत नाहीत, हे विसरलीस?"

"नाही विसरले. पण दुसरी आणली असती तर तीही जन्माची अडकली असती. एक पुरे, असं वाटलं."

 मग तो म्हणाला, "आणि तुझ्याबरोबर कोण आहे?"

 दान्सोये फोन कानाला लावून तशीच उभी राहिली आणि तिचा दुसरा हात माझ्या मानेवर होता.

महिना गेला असेल. सकाळी दारासमोर ट्रक थांबला आणि त्यातून गुयो उतरला. मागे पाय दुमडून बांधलेली एक कोवळी उंटीण होती, माझ्या बहिणीच्या वंशातली. डोळे विस्फारून ती सगळीकडे बघत होती.

"आब्बांनी पाठवलीय," गुयो म्हणाला.

"हिला परत जाता येणार नाही. सांगितलं होतंस का त्यांना?"

"सांगितलं. म्हणाले, तिकडे दोघीजणी एकट्या आहेत, कुणीतरी जायलाच हवं." आणि मग खाली बघत म्हणाला, "मीही थोडे दिवस राहतो म्हणतो. त्या टपरीवालीला अजून चहा करता येत नाही."

कडी पडली. त्या कोवळ्या उंटिणीने मान वर करून हंबरडा फोडला. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगू का? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझ्या जातीचा आवाज, माझ्या जातीचा वास. त्या दुपारी मी भरपूर चारा खाल्ला. खाताना मला लाजही वाटली, कारण माझी भूक परत आली ती तिला कोंडल्यामुळे. गार वारा सुटला की मी आता तिच्या अंगाला आडवी उभी राहते. ती रोज मला विचारते, इथून कधी निघायचं. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही कधी आजारी पडाल. कदाचित तेव्हा ते औषध तयार झालेलं असेल आणि कुणीतरी ते तुमच्या दंडात टोचेल. तुम्ही बरे व्हा, हीच माझी इच्छा आहे. त्या औषधासाठी काही जनावरं बांधलेली असतात, काही माणसंही बांधलेली असतात. सगळ्यांना सोडणं तुम्हाला जमणार नाही, दान्सोयेलाही जमलं नाही. पण जे तुमच्या कामासाठी अडकले आहेत त्यांच्याकडे जात जा. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोला, त्यांच्या नावाने त्यांना हाक मारा. आणि मित्रांनो, एवढं करा, त्यांना एकटं ठेवू नका.